बुजवलेली भोकं

एन्नोर,
ता. १४ नोव्हेंबर २०२४

ती. अंबुजाअक्कास,
मधुसूदनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून आपली पत्रं, हे ठीकच. पण एकाच शहरात मैलापूरहून एन्नोरला यायला त्याला पाच दिवस लागले. आमच्या पोस्टमनला देवनागरी अक्षर पाहून वाटतं, मला काशीहून कोणी लिहितं. मी त्याला खरं सांगितलेलं नाही.

तीन महिने तुझ्याकडे फिरकलो नाही, रागावू नकोस. आपल्याकडचा नोव्हेंबरचा पावसाळा सुरू आहे, अंगात त्राण उरत नाही. आमच्या आवारातली बोट खाडीत सोडायची तर ती चाकांच्या ट्रेलरवर ठेवून, ट्रॅक्टरने मागे रेटत उतारावरून पाण्यात न्यावी लागते. बोट तरंगली की ट्रेलर वर ओढायचा, आणि तिथून माझं काम. खारं पाणी वाळायच्या आत गोड्या पाण्याने चाकं, सांधे, लाकडी पाट्यांच्या खालची जागा धुवायची. बेअरिंगला ग्रीस. रंगाचा पोपडा दिसला की घासून जस्ताचा रंग लावायचा. एकवीस वर्षं हेच. मीठ मात्र एक दिवसही दमत नाही.

शनिवारी सकाळी एक वाईट गोष्ट घडली. चार नंबरच्या ट्रेलरचा पुढचा दांडा उतारावरच वाकला. ट्रॅक्टरवाला वेंकट उडी टाकून चाकाला ठोकळा लावायला धावला, तेवढ्यात दांडा तुटला आणि बोट घसरली. त्याच्या डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. मालक गिरिधर म्हणतात की वेंकटने ट्रॅक्टरला हिसका दिला. सगळे तेच म्हणतात. त्याला कामावरून काढलं आहे. त्याला दोन मुली आहेत.

तुझी भावजय हरिप्रिया तुला नमस्कार सांगते. गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
मधु

मैलापूर,
ता. १९ नोव्हेंबर २०२४

चि. मधुसूदनास,
अंबुजाअक्काचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे कालच्याइतकेच वाईट. डिसेंबरच्या कचेरींचं, म्हणजे गाण्याच्या मैफलींचं, वेळापत्रक आलं आहे. ऐकू येत नसताना सभेत जाऊन काय करता, असं खालच्या मजल्यावरची जननी विचारत होती. मी सांगितलं, मृदंगवाल्याचे हात बघते, आणि कँटीनमधला डोसा काही कानांनी खायचा नसतो.

आता तुझं. चाकं कशी धुवायची यावर एवढं मोठं पुराण, आणि माणसाचा पाय मोडला ते चार ओळींत. सगळे तेच म्हणतात असं लिहिलंस. तू काय म्हणतोस ते कुठेच नाही. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. तंजावरला असताना अप्पांचा चष्मा तू फोडलास, त्या दिवशी विहिरीच्या रहाटाबद्दल घटकाभर बोलत बसला होतास. चष्म्याचं नाव नाही. मी चुकत असेन तर तसं लिही, मला आनंदच होईल.

वेंकटला बघायला गेलास का?

उत्तराला उशीर करू नको. देव तुला सुखरूप ठेवो.

अंबुजाअक्का

एन्नोर,
ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू चुकत नाहीस. वेंकटला बघायला गेलो नाही.

तुटलेल्या दांड्याचं टोक मी त्याच सकाळी पाहिलं होतं. बाहेरून रंग नवा, आणि आत लोखंड म्हणून काही उरलेलंच नव्हतं. बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते. हिसक्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी नाही तर चार दिवसांनी तो दांडा तुटणारच होता.

ट्रेलरचा सांगाडा चौकोनी पोकळ पाइपांचा असतो. त्याला खालच्या अंगाला कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात. सात वर्षांपूर्वी ट्रेलर वर ओढला की त्या भोकांतून पाणी ओघळताना दिसायचं. मला वाटलं, खारं पाणी इथूनच आत शिरतं. मी बाराही ट्रेलरची भोकं पुट्टीने बुजवली आणि वर रंग दिला. गिरिधरांनी पाठ थोपटली होती. पाणी आत शिरायला सांध्यातली केसाएवढी फट पुरते, ते बाहेर पडायलाच भोक लागतं, हे मला आता कळलं. सात वर्षं मी बाहेरून धूत राहिलो आणि आत खारं पाणी साचत राहिलं.

आणखी एक लिहायचं आहे, हात होत नाही. तुटल्या जागेशेजारी माझी पुट्टी होती. कोणी बघायच्या आत मी ती खिळ्याने खरवडून काढली.

बाकीचे अकरा ट्रेलर अजून रोज पाण्यात जातात. प्रत्येक वेळी मी उताराच्या माथ्यावर उभा राहतो आणि बोट तरंगेपर्यंत श्वास घेत नाही. मार्चअखेर मी निवृत्त होतो. तोवर काही होऊ नये एवढंच मागतो. मी फार थकलोय, अक्का.

शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही.

मधु

मैलापूर,
ता. २९ नोव्हेंबर २०२४

चि. मधुसूदनास आशीर्वाद.

भोकं बुजवलीस ती न कळून. पुट्टी खरवडलीस ती कळून. पहिल्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही.

हे पत्र हातात पडेल त्या दिवशी एकही ट्रेलर पाण्यात जाऊ देऊ नको. मग मालकाला सांग. मग वेंकटकडे जा. त्याच्याकडे क्षमा मागायला जाऊ नको, फक्त झालं ते सांगायला जा. क्षमा करायची की नाही ते त्याचं तो बघेल. पाय त्याचा मोडला आहे.

थकलास हे मला समजतं. मीही थकते. पण थकव्याने कोणाचा पाय सांधत नाही.

आज जेवण गेलं नाही. नीट वाग, आणि झालं की कळव.

अंबुजाअक्का

एन्नोर,
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. अंबुजाअक्कास,
मधुसूदनाचा शि. सा. न. वि. वि.

मधल्या दोन कार्डांत फक्त खुशाली लिहिली. आता सगळं लिहितो.

तुझं पत्र चार डिसेंबरला सकाळी मिळालं. ट्रॅक्टर सुरू झाला होता. मी उतारावर आडवा उभा राहिलो आणि तो थांबवला. गिरिधर आले. मी सगळं सांगितलं, खिळ्यासकट. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, मार्चपर्यंत गप्प राहा, मग मी हळूहळू ट्रेलर बदलून घेतो. मी ड्रिल आणलं आणि त्यांच्यासमोर एकेका ट्रेलरची भोकं उघडत गेलो. अकरांपैकी सातांतून पाणी आलं, उकळलेल्या काढ्यासारखं तांबडं. तिसऱ्यापर्यंत ते मला थांबवत होते. पाचव्याला त्यांनी स्वतःच हातोडी घेऊन सांगाड्यावर मारली, तर ती आत गेली. ते तिथेच रबराच्या टायरवर बसले. दोन ट्रेलर भंगारात निघाले. त्यांच्या जागी आले त्यांना आतबाहेर वितळलेल्या जस्ताचा थर आहे. उभे करताना आता सगळ्यांचं एक टोक उंच ठेवतो, म्हणजे पाणी निथळतं.

त्याच दुपारी वेंकटच्या घरी गेलो. पाय प्लास्टरमध्ये. त्याची बायको कल्पना दारातच होती. नेलेली केळी तिने ऐकून झाल्यावर परत माझ्या पिशवीत ठेवली. वेंकटने सगळं ऐकून एकच विचारलं, की मला किती दिवस माहीत होतं. मी म्हटलं, पंचवीस. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पिशवी घेऊन उठलो.

गिरिधरांनी त्याला परत घेतलं. ट्रॅक्टर चालवणं आता जमायचं नाही, म्हणून ट्रेलरची देखभाल त्याच्याकडे दिली. माझी जागा. मार्चअखेरपर्यंत मी त्याच्या हाताखाली धुण्याचं काम करतो. मीच ते मागून घेतलं. हरिप्रिया डब्यात माझी आवडती वत्तल कुळंबू, ती चिंचेची आंबट आमटी, द्यायला लागली.

वेंकट काठी टेकत येतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी धुतलेला प्रत्येक ट्रेलर तो स्वतः पुन्हा तपासतो. खाली वाकता येत नाही, म्हणून जमिनीवर बसतो, पाय सरळ पसरतो, आणि प्रत्येक भोकात तार घालून बघतो. सांगाडा हातोडीने ठोकून कान देतो. मी बाजूला उभा असतो. पहिल्या आठवड्यात मला ते फार लागलं. मग वाटलं, असंच हवं. माझ्या शब्दावर कोणी पाण्यात उतरू नये.

काल त्याने नऊ नंबरचा ट्रेलर तपासला. तार पुसली, काठी धरून उठला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ठीक आहे, न्या. सहा आठवड्यांत कामाबद्दलचा त्याचा हा पहिला बरा शब्द. बोट तरंगेपर्यंत मी खाली पाण्याच्या कडेला उभा होतो, आणि मला श्वास घेता येत होता.

येत्या रविवारी तुझ्याकडे येतो. बस, मग गाडी, मग पुन्हा बस, दुपार होईल. भात ठेव.

तुझं रागावणं असंच मिळत राहो.

मधु