तळमजल्यावरची खोली

धाकट्या,

तू आईची खोली तळमजल्यावर बांधलीस, म्हणून हे लिहिते आहे. आमच्या गावात ओढ्याकाठी तळमजल्यावर निजायची खोली बांधूच देत नाहीत. तिथे फक्त गाडी लावायची. पूल ओलांडला की तुमच्या गावात सगळं चालतं. ओढा मात्र तोच. यावर तू "नियमात बसतं, ताई" एवढंच म्हणणार, म्हणून हे पाठवणारही नाही.

तू परगावी. आज पाणी तुझ्या फाटकाला लागलं, तशी मी धावत गेले. आई म्हणाली, "पाणी येईल तेव्हा येईल, तू आत्ताच कशाला बुडवतेस?" तिचे गुडघे वाकत नाहीत. ऐन वेळी जिना चढणार कशी?

तुझी ताई

(प्रत्यक्षात पाठवली ती चिठ्ठी एवढीच.)

तुझ्या बायकोकडून ताब्यात घेऊन माझ्या घरी आणलं: काठी, चष्मा, गोळ्या आणि रुसलेली आई.