माईंच्या पाया पडण्यापूर्वी केस उगवणे आवश्यक

५ जानेवारी
सोसायटीने लिफ्टमध्ये नवा दिवा बसवला. थेट डोक्यावर. समोर आरसा. नागरिकांच्या खासगी आयुष्यात इतका उजेड पाडण्याचा अधिकार वृंदावन योजना वसाहतीतल्या एका सेक्रेटरीला कुणी दिला? माझा भांग गेटबाहेरच्या रायबरेली रोडएवढा रुंद दिसला. केस पातळ झालेले नाहीत. दिवा जास्त वॅटचा आहे. सेक्रेटरी गुप्ताजींना जाऊन सांगितलं. भाभीजी, बाकी सबको तो अच्छा लग रहा है, म्हणाले. त्यांचे स्वतःचे केस भरघोस आहेत, तेव्हा विषय संपला. उद्यापासून जिना. व्यायामही होईल.

७ जानेवारी
गुडघा दुखतोय. जिना बंद. लिफ्टमध्ये छत्री उघडत नाही, हेही पाहून घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत
सासूबाईंना, म्हणजे माईंना, तिळगूळ दिला, पण वाकले नाही. वाकलं की भांग त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना समोरच्या टॉवरवरची कबुतरंही ओळखू येतात. कंबर धरलीय म्हटलं. दिवाळीच्या पाडव्यालाही कंबरच धरली होती. माई म्हणाल्या, असू दे गं, पण सकाळी वरच्या फळीवरचा डबा कुणाच्या कंबरेने काढलास?
संध्याकाळी नवऱ्याने, श्रीरंगने, जाहीर केलं, १६ फेब्रुवारीला माईंचं सहस्रचंद्रदर्शन. आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धुवायचे, पायांवर डोकं टेकवायचं. वर व्हिडिओवाला, त्याचा लाइट.
महिना आहे. भरपूर झाला.

१८ जानेवारी
ठरलं. हेअर ट्रान्सप्लांट. बायकांचंही करतात. मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. म्हणजे शेतीच. फळसंशोधन संस्थेत आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली, मला कोण शिकवणार? रीतसर तक्ता काढला, ओळी, दोन रोपांतलं अंतर वगैरे. ऋचाला दाखवला. मुलीला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र येत नाही. मम्मी, ये सिर है, खेत नहीं, म्हणाली. कॉमर्सला घातली, तिथेच चुकलं.

२२ जानेवारी
निशातगंजचं क्लिनिक. श्रीरंगला सोबत नेलं. त्याला तिसाव्या वर्षापासून टक्कल आहे आणि लाज अजिबात नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने तपासणीच्या खुर्चीत त्यालाच बसवलं. तो बसलाही!
डॉ. हिमानी ऋचाची ताई शोभेल. कॅमेरा लावून माझी टाळू पडद्यावर दाखवली. पडदा विनाकारण मोठा. मैम, पीछे भी वही हाल है, म्हणाली. थोडक्यात, जिथून रोपं आणायची ती नर्सरीच विरळ. तिथलं काढून इथे लावलं तर दोन्हीकडे दुष्काळ. शिवाय लावलेले केस आधी गळतात, मग काही महिन्यांनी उगवू लागतात, पूर्ण दिसायला वर्ष. आधी रक्त तपासा. मी तक्ता दाखवला. तिने तो फार आदराने, उलटा धरून पाहिला.

२५ जानेवारी
रिपोर्ट आला. लोह तळाला. गोळ्या दिल्या. सर्जरी नाही म्हणे. मुलगी घाबरली असावी. अनुभव कमी पडतो.

२ फेब्रुवारी
आठवडाभर गोळ्या घेतल्या. आरशात स्पष्ट फरक. श्रीरंग म्हणाला, मी आरसा पुसलाय.

१२ फेब्रुवारी
नणंद कौमुदी नागपूरहून आली. तिची वेणी कमरेच्या खाली जाते, आणि ती वळली की आपल्याला लागते. वहिनी, किती बारीक झालीस गं, म्हणाली. माझ्या कपाळाच्या वर बघत.
तेलीबागच्या बाजारातून हेअर फायबर आणलं. काळी पूड. मिठासारखी भांगावर भुरभुरायची, केसांना चिकटते. डबीवर लिहिलंय, वाऱ्यात टिकते, घामात टिकते. लावून पाहिली. वय पंचवीस. सर्जरीची गरज होतीच कुणाला?

१६ फेब्रुवारी
पाण्याबद्दल डबीवर काही नव्हतं.
माईंचे पाय धुतले, ओल्या पायांवर डोकं टेकवलं. परातीतलं पाणी काळं. माईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला नाही, मायेने चोळला. मग तोच हात शेजारी वाकलेल्या श्रीरंगच्या टकलावर. मी वर पाहिलं तर त्याच्या टाळूवर पाच काळीभोर बोटं. कौमुदी ओरडली, अगंबाई, दादाला केस आले! सगळा हॉल हसला. व्हिडिओवाल्याने जवळून घेतलं.
ट्रान्सप्लांट झालं म्हणायचं. दाता मी, घेणारा नवरा, सर्जन माई.
फक्त माई हसल्या नाहीत. पदराने माझा भांग पुसला. कानाशी म्हणाल्या, वेडे, माझे पन्नाशीतच गेले. उगाच का इतकी वर्षं डोक्यावरून पदर घेऊन हिंडले? शेजारणी संस्कारी म्हणायच्या. मी कशाला नाही म्हणू?

१७ फेब्रुवारी
पाहुणे गेले. डबी कौमुदी मागून घेऊन गेली. तिच्या वेणीत निम्मं गंगावन आहे, हे तिचं सामान भरताना कळलं. मी तिची बॅग बंद करून दिली. गोळी घेतली.
माई बाल्कनीत उन्हात चहा पीत होत्या. ऊन अगदी डोक्यावर येत होतं. भांग होता तसाच ठेवून पाया पडायला वाकले.
हा नमस्कार कसला आता, त्यांनी विचारलं.
पाडव्याचा, म्हटलं. आणि पुन्हा वाकले. हा संक्रांतीचा.
चहा निवतोय माझा, म्हणाल्या. पण माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही.