पांघरुणाची आतली बाजू

शुक्रवार, १ मार्च

आले बाई एकदाची! शिलाई मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालाने मनातल्या मनात मला काय काय ऐकवलं असेल, ते त्यालाच ठाऊक. धाकटी दारातच गळ्यात पडली. चार वर्षांनी भेटतोय आम्ही बहिणी. तिची चिमणी सहा वर्षांची झाली, पुढचे दोन दात पडलेत, आणि 'मावशी' म्हणताना शीळ वाजते. मला पूर्वेची खोली दिली आहे. मशीन खिडकीशी बसवलं. दुकान बंद करताना वाटलं होतं, आता संपलंच सगळं. तसं नाही म्हणायचं.

धाकटीचं घर छान आहे. नवरा केव्हाच सोडून गेला, तरी हिने काही कमी पडू दिलेलं नाही. हिला सगळंच जमतं, लहानपणापासून.

रविवार, ३ मार्च

सकाळी धाकटी मला समोरच्या योगवर्गात घेऊन गेली. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, वीसेक माणसं. आधी आसनं, मग गोल बसून ध्यान, शेवटी शवासन. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. आवाज असा मऊ, की माझे गुडघेसुद्धा कुरकुरायचे थांबले.

धाकटीची चटई खिडकीशी, उजेडात. ती आत शिरली तशी सगळी खोली तिच्याकडे वळली. मी दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ. नवीन माणसाने कुठे बसायचं, नाही का?

शेजारी एक निवृत्त पोस्टमनकाका होते. माझा धंदा कळल्यावर मला 'सुईताई' म्हणायला लागले. वाकताना त्यांची पाठ मोडली तर रफू करून देशील का, असं विचारत होते. ध्यानात हसू आवरेना.

शवासनात बाई दर रविवारी एका माणसावर ठिगळांचं मोठं पांघरूण घालतात. ज्याची पाळी असेल त्याने आधी अंगातल्या जुन्या कपड्याचा तुकडा द्यायचा. तो पांघरुणाच्या आतल्या बाजूला, अंगाला लागेल असा शिवतात. बाई म्हणाल्या, ज्याच्यावर हे येतं त्याचं मीपण गळून जातं. लोक वर्ष वर्ष वाट बघतात म्हणे. आज काकांची पाळी होती. उठले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

गुरुवार, ७ मार्च

आईचा पिवळ्या फुलांचा झगा धाकटीच्या कपाटात सापडला. आईने तो तिला दिला. तो मला हवा होता, हे आईला माहीत होतं. पस्तीस वर्षं मी लोकांचे कपडे बेतले, आणि एक झगा मला मिळाला नाही.

चिमणी संध्याकाळी माझ्या मांडीवर झोपली होती. धाकटी आली तशी उठून तिच्याकडे पळाली. आई आहे ती, पळणारच. मी मात्र मांडी तशीच धरून बसून राहिले.

रविवार, १० मार्च

माझ्या शेजारची चटई रिकामी होती. कुणी काही बोललं नाही, मलाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढची पाळी धाकटीची! बाईंनी जाहीर केलं आणि सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. मीही मारली. खोटं कशाला बोलू, ही माझी वही आहे: माझा जळफळाट झाला. खिडकी हिची, लेक हिची, झगा हिचा, आता पांघरूणही हिचंच!

वर शिवायचं काम माझ्याकडे आलं. बाईंना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. पांघरूण घरी नेऊ दिलं आणि एकच बजावलं: लावलेला तुकडा काढायचा नाही, आणि काढलाच तर ती जागा क्षणभरही रिकामी ठेवायची नाही.

धाकटीने तुकडा आणून दिला. त्याच पिवळ्या झग्याचा. कचकन कापला होता तिने, कडाही सरळ नव्हत्या.

मंगळवार, १२ मार्च

केलं ते केलं. पिवळा तुकडा माझ्या सुयांच्या डब्यात ठेवला. पांघरुणाला माझ्या करड्या सदऱ्याचा तुकडा लावला. दुहेरी दोरा, उलटी टीप, कडा आत दुमडून. जन्मात उसवायची नाही. आतली बाजू कोण बघतंय?

रविवार, १७ मार्च

पांघरूण तिच्यावर घातलं आणि ऊब मला आली. दाराशी, चपलांशेजारी! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. धाकटी मात्र चुळबुळत होती. घरी येताना म्हणाली, नाक खाजत होतं, बाकी काही झालं नाही. मला हसू फुटत होतं.

मंगळवार, १९ मार्च

जेवायला दोनच ताटं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तेव्हा धाकटी दचकली. मग अगं हो, म्हणून तिसरं काढलं. हिला समजलं की काय? समजलं असेल तर भांड ना, बाई. हे असं का?

गुरुवार, २१ मार्च

चिमणीने माझ्यादेखत आईला विचारलं, या काकू आपल्याकडे किती दिवस राहणार. काकू! धाकटी मला म्हणाली, खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला दिलंत तर बरं पडेल. थट्टा करत नव्हती. माझ्या आईच्या नाकाची, माझ्या हनुवटीची माझी बहीण — मला अहोजाहो करत होती.

मन रमवायला ही वही मागे चाळली. तीन तारखेला एका पोस्टमनकाकांबद्दल लिहिलंय. अक्षर माझं. सुईताई, पाठ, रफू. मला हा माणूस आठवत नाही. अजिबात नाही. खाली जाऊन वर्गातल्या तिघांना विचारलं. त्यांनाही नाही.

तेव्हा कळलं मीपण गळतं म्हणजे काय होतं. आणि करडा तुकडा कुणाचा आहे, ते मला एकटीलाच माहीत आहे.

शुक्रवार, २२ मार्च

भाजी घेऊन आले तर दाराला आतून कडी. धाकटीने फटीतून विचारलं कोण हवंय. मी आमच्या आईचं नाव सांगितलं, तिच्या कपाळावरची खूण कशी पडली ते सांगितलं — मीच ढकललं होतं ना तिला. ती घाबरली. पोलिसांना बोलावीन म्हणाली. मागे चिमणी रडत होती. माझ्यामुळे.

तिने माझं सामान जिन्यात ठेवलंय. मशीनसुद्धा.

शनिवार, २३ मार्च

सकाळी वर्ग उघडा होता. बाईंनी मला नवीन आलात का, म्हणून विचारलं. त्या पाणी आणायला गेल्या तेवढ्यात कपाटातून पांघरूण काढलं. टीप सुटेना. माझीच टीप! नखं तुटली, बोटातून रक्त आलं, मग सुटली एकदाची. खाली भोक नव्हतं. नुसता काळोख होता, आणि गार वारा वर येत होता. तळहात ठेवला तर तो दिसेना —

डब्यात पिवळा तुकडा होता. दुसरं काही नव्हतं. लावला. पण कच्चा धावदोरा घातलाय, लांब लांब टाके, एक टोक ओढलं की निघेल. उद्या कसलंही दुसरं कापड नेईन, पायपुसणं, काहीही, आणि हा काढीन. मी तिला घालवलेलं नाही. फक्त एक दिवस.

घरी आले. धाकटीने दार उघडलं, ताई कुठे होतीस म्हणाली, मशीन जिन्यात कुणी नेलं म्हणाली. मी तिला धरून खूप रडले.

विसरशील म्हणून लिहून ठेवते: पिवळा तुकडा धाकटीचा आहे. कच्चा आहे. उसव!

रविवार, २४ मार्च

पांघरूण दुसऱ्यावर होतं, नंतर बाईंनी लगेच कुलूप लावलं. किल्ली देईनात. मला खिडकीशी बसवलं. उजेड — काय सुरेख उजेड येतो तिथे. धाकटी दाराशी बसली होती. उद्या काढीन.

मंगळवार, २६ मार्च

दोन ताटं काढली. तिसरं कुणासाठी काढणार होते? हात कपाटाशी तसाच राहिला. चिमणी मला आई म्हणाली. गोड वाटलं. काहीतरी उसवायचं होतं — काय ते —

बुधवार, २७ मार्च

एक बाई दाराशी येते. रडते. चिमणीला हाका मारते. कपाळावर खूण आहे. मला ताई म्हणते. मी कडी लावली. पोर घाबरते —

गुरुवार, २८ मार्च

दुपारी बाईंनी पांघरूण पाठवलं, नवा तुकडा लावायला. आत बघते तर एक पिवळं ठिगळ, कच्च्या धावदोऱ्यावर लोंबतंय. कडा वाकड्या. कुणी शिवलं असलं? माझ्या हाताखालून गेलेलं काम आणि असं? बघवेना मला. आधी तेच घेतलं. दुहेरी दोरा, उलटी टीप, कडा आत. आता जन्मात निघायचं नाही.

शेवटची गाठ मारली आणि दाराबाहेरचं रडणं थांबलं. बरं झालं.

डब्यात तसलाच पिवळा धागा अडकलाय. हे कापड कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं — पाहिल्यासारखं नव्हे, वाचल्यासारखं. म्हणून ही वही मागे उलटली. शनिवार. अक्षर माझंच आहे. खाली मोठ्ठं लिहिलंय —

धाकटी? मला कुठे धाकटी —

कात्री कुठे आहे, चिमणे, कात्री आण, लवकर, अगं ती तुझी —