मेजर घुशीचं ट्रेनिंग

२ नोव्हेंबर, रविवार
निर्णय पक्का. टीव्हीवर पाहिलं, कंबोडियात आफ्रिकेतले मोठे उंदीर वासावरून भूसुरुंग हुडकतात. अंगानं हलके, त्यामुळे वरून चालले तरी सुरुंग फुटत नाही. आपल्याकडे घुशी काय कमी आहेत? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट-बोल्ट मोजून कोणाचा जीव वाचला नाही. आता वाचवायचे. बायकोला, मालनला, सांगितलं. ती म्हणाली, आधी दळण आणा.

४ नोव्हेंबर
विंचूरला मेहुण्याच्या कांद्याच्या चाळीतून घूस आणली. नाव ठेवलं मेजर. पिंजरा देताना मेहुणा सहादू म्हणाला, दाजी, आम्ही हिला हाकलून हाकलून थकलो अन् तुम्ही हिला नोकरीला लावता व्हय! लय हसला. विज्ञानाची आवड सगळ्यांनाच नसते.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
चावली. नजरेत लीडरशिप आहे.

१५ नोव्हेंबर
पद्धत ठरली. दिवाळीच्या उरलेल्या फटाक्यांची चिमूटभर दारू सहा डब्यांत. आणखी सहा डबे रिकामे. सगळे परसात मातीखाली. दारूचा डबा उकरला की मेजरला शेंगदाणा. दारूच्या डब्यांवर नंबर-तारखेची लेबलं, गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेली. तशीच एकेक नोंदवहीत. लेबलाशिवाय माल ठेवणं मला जमत नाही. रिकाम्या डब्याला लेबल कशाला?

२३ नोव्हेंबर
सहापैकी सहा! सलग चौथा दिवस. रिकाम्या डब्यांकडे ढुंकूनही बघत नाही. डोळे भरून आले. मालनला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, कणकेचा डबा उघडा कोणी टाकला? कठीण आहे.

२६ नोव्हेंबर
शेजारचे गोरक्ष लष्करात, श्वानपथकात सुभेदार होते. रविवारी परीक्षा घेणार. पास झाली तर ओळखीच्या साहेबांच्या कानावर घालतो म्हणाले. नाव मात्र खटकलं त्यांना. म्हणाले, म्हणजे या घुशीला सॅल्यूट मी मारायचा? शर्ट इस्त्रीला टाकला. चार शब्द बोलावे लागतील, ते लिहून काढले.

३० नोव्हेंबर, रविवार
सुभेदारांनी दारूचे सहा डबे स्वतःचे आणले, स्वतःच पुरले. मला लांब खुर्चीत बसवलं. निम्मी कॉलनी जमली. मेजर सहाही सुरुंगांवरून टुकूटुकू चालत गेली, एकदाही थांबली नाही. तिथून सरळ माझ्याकडे. मांडीवरची नोंदवही ओढली आणि सगळ्यांदेखत लेबलं खाल्ली. सुभेदारांनी उरलेल्या लेबलाचा वास घेतला. म्हणाले, ही खळ शोधते, दारू नाही. मी म्हणालो, वारा उलटा होता. ते म्हणाले, उंदीर हे काम खरंच करतात हो, यात जनावराची काही चूक नाही.
भाषण खिशातच राहिलं. वाईट वाटलं. खूप.

१ डिसेंबर, सकाळी ८
सुभेदार चहाला आले. मेजरला आता ते शिकवणार, पहिल्यापासून. मला विचारलं, डबे सांभाळायला, नोंदी ठेवायला भरवशाचा माणूस लागेल, स्टोअर बघाल का? विचार करून सांगतो म्हणालो. चहा संपायच्या आत हो सांगितलं.