पट्टीवर चार इंच

४ जानेवारी, सकाळी ६.५०
आजपासून रोज लिहायचं, कारण आजपासून गाडी रोज वापरायची. लोक अशा गाड्या कव्हरखाली ठेवतात आणि रविवारी पुसतात. मी तसला नाही. बेचाळीस वर्षांची टू-सीटर स्पोर्ट्स कार असली म्हणून काय झालं, गाडी ही चालवायची वस्तू आहे. मूळ इंजिन कामातून गेलं होतं, त्या जागी पिकअप व्हॅनचं बसवलंय. मेकॅनिक म्हणाला होता बसणार नाही. बसलं. बॉनेट पूर्ण बंद होत नाही, पण त्यामुळे हवा खेळती राहते.
घरातली साधी गाडी डिसेंबरमध्येच विकली. दोन गाड्या ठेवणं म्हणजे स्वतःवर विश्वास नसणं. बायकोला हे समजावून सांगितलं. तिने बसचा पास काढला.

५ जानेवारी
पेट्रोलचा काटा कायमचा मेलाय. त्यावर मी उपाय काढला: बारा इंची लाकडी पट्टी टाकीत बुडवायची आणि ओली खूण वाचायची. नऊ इंच म्हणजे फुल. दोनच्या खाली गेलं की पंपावर. खूण लगेच उडून जाते, त्यामुळे झटकन वाचावी लागते.
अडचण एकच. टाकी डिकीत हलवल्यामुळे डिकी उघडावी लागते, आणि झाकणाचा आधार तुटलाय. ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी उभा राहतो आणि आई पट्टी बुडवते. तिला काम आवडलेलं दिसतं. आज म्हणाली पावणेसहा.
बायकोने वरून, खिडकीतून विचारलं की झाकणाला काठी का लावत नाही. तात्पुरते जुगाड माझ्या स्वभावात नाहीत. ओरिजिनल आधार मागवलाय. आठ-दहा आठवडे लागतील.

८ जानेवारी
ऑफिसला पन्नास मिनिटं उशीर. गाडीचा दोष नाही. इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा लगेच सुरू होत नाही, हे आधी माहीत असतं तर मी पंपावर बंदच केलं नसतं. साहेबांनी विचारलं की मी राहायला लांब गेलोय का. मी हसलो. ते हसले नाहीत.
आई: साडेचार.

१२ जानेवारी
आज आईच्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. डावा दहा वर्षांपूर्वीच गेला, म्हणजे जे काही आहे ते उजव्यावर. एकूण तीन इंजेक्शनं, चार-चार आठवड्यांनी. डॉक्टरीणबाईंनी तारीख चुकवायची नाही असं दोनदा सांगितल्याचं बायको म्हणाली. दोघी टॅक्सीने गेल्या, कारण मी गाडीखाली होतो आणि मला बाहेर यायला वेळ लागत होता.
हे बरं दिसलं नाही. स्वतःची स्पोर्ट्स कार असताना आई टॅक्सीने. संकल्प: पुढची दोन्ही इंजेक्शनं आपल्या गाडीतून. ऑफिसातून तशा रजाही टाकल्या.
डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद दिलाय. तो फ्रिजवर लावायचा आणि आईने रोज सकाळी बघायचा. सरळ रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी फोन. सोपं आहे.

१९ जानेवारी
रेडिएटरच्या पंख्याला बटण बसवलं. घराच्या बेलचं जुनं होतं, तेच. दाबून धरलं की पंखा फिरतो. चढावर एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने बेल. गिअर बदलायचा प्रश्न उरतो, पण चढावर कशाला बदलायचा?
आई: सव्वातीन.

२ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड प्राध्यापक म्हणाले की रोज सकाळी आवाजाने त्यांना जाग येते. मी म्हटलं, वेळेवर उठणं चांगलं. आमचं बोलणं बंद झालंय.

९ फेब्रुवारी, रात्री ९
विजय! आईला गाडीतून नेलं आणि आणलं. दुसरं इंजेक्शन झालं. पोहोचायला पाऊण तास उशीर झाला, पण पोहोचलो. चढावर बेल आईने दाबून धरली, अगदी मन लावून. उतरताना मात्र पंचाईत झाली. सीट इतकी खाली आहे की आईला उठता येईना. वॉचमन आणि मी, दोघांनी काखेत हात घालून काढलं. आई म्हणाली छान झाला प्रवास.
संध्याकाळी बायको म्हणाली की पुढच्या वेळी ती टॅक्सी सांगणार. मी म्हटलं सांग, पैसे फुकट जातील.

१३ फेब्रुवारी
गाडीचं ॲव्हरेज नीट मांडायला हवं. ग्राफ पेपर कुठे मिळाला नाही. फ्रिजवरचा आईचा कागद अगदी त्याच कामाचा निघाला, चौकटी बारीक आणि छापील. त्यावर पेन्सिलीने ग्राफ सुरू केला. आईला सांगितलं की झेरॉक्स काढून उद्या परत लावतो. ती म्हणाली सावकाश काढ.

१६ फेब्रुवारी
आई म्हणते पट्टी वाकलीये. मी झाकणाखालून जितकं दिसलं तितकं बघितलं, मला सरळ वाटली. पण लाकूड आहे, सतत पेट्रोलमध्ये बुडतंय, वाकलीही असेल. संध्याकाळी येताना नवी आणली. स्टीलची. आईच्या बाबतीत मी कधी आळस केलेला नाही.
झेरॉक्स राहिली. उद्या.

१८ फेब्रुवारी
नवी पट्टी. आई: चार.

२० फेब्रुवारी
आई: चार. परवा चार, आज चार, आणि मधे दोन दिवस ऑफिसला जाऊन आलो! कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मी रविवारी एक नंबर लहान केला होता, त्याचा हा परिणाम. मेकॅनिकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला असं होत नसतं. जळफळाट, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी
आई: चार. ऑफिसच्या वाटेवर, सिग्नलला, गाडी बंद. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. डोकं शांत ठेवून विचार केला. टाकीत चार इंच पेट्रोल आहे, म्हणजे पेट्रोल संपलेलं नाही. म्हणजे पेट्रोलच्या लाइनमध्ये कचरा. डिकीत पार्ट धुवायचा पाच लिटरचा कॅन असतो. झाकण डोक्यावर तोलून त्यातलं निम्मं पेट्रोल वरून जोरात टाकीत ओतलं, की दाबाने कचरा पुढे सरकेल. दोन-तीन प्रयत्नांत गाडी सुरू! मेकॅनिकने यासाठी अर्धा दिवस घेतला असता.

२६ फेब्रुवारी
आई: चार. गाडी पुन्हा बंद, पुन्हा लाइन धुतली, पुन्हा सुरू. उपाय रामबाण आहे.

२ मार्च
आई: चार. मी आता वाट बघतच नाही. रोज सकाळी पंपावर कॅन भरून घेतो आणि निघतानाच लाइन धुतो. गाडी शहाण्यासारखी चालते. टाकीत पेट्रोल भरून दोन आठवडे झाले. ग्राफवरची रेघ आडवी सरळ गेलीये, अशी रेघ कुठल्या कंपनीने काढलेली नसेल. ऑफिसात दाखवला. साहेबांनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं की मी दुपारपर्यंत रिपोर्ट देणार आहे का.

५ मार्च
आई चहा कपाबाहेर ओतते. आज दुसऱ्यांदा झालं. बायको म्हणाली आईंच्या डोळ्याचं काहीतरी बघायला हवं, तो फ्रिजवरचा कागद कुठे गेला. मी म्हटलं झेरॉक्सला दिलाय. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, द्यायचाच आहे. आणि सोमवारी इंजेक्शन आहेच.

९ मार्च, सकाळी ८.४०
तिसरं इंजेक्शन, दहाची वेळ. गाडी पुसली. आईला पेट्रोलच्या वासाने मळमळतं, म्हणून कॅन घरीच काढून ठेवला. एवढा बारीक विचार कोण करतं? लाइन कालच धुतली होती. आई: चार.
बायको कामावर जाताना टॅक्सी सांगून गेली होती. ती बरोबर साडेआठला दारात आली. मी ड्रायव्हरला नम्रपणे सांगितलं की गरज नाही. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि गेला.

९ मार्च, दुपारी ४
पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. आई बेल दाबून होतीच. ९.२० झाले होते.
मी प्लग काढले, पुसले, लावले. आई म्हणाली दुसरी गाडी बघू या का. मी म्हटलं पाच मिनिटं. कार्ब्युरेटर उघडला. आतून कोरडा होता, म्हणजे कचरा नक्की. तोंडाने लाइन फुंकली. आई म्हणाली वेळ होत असेल. पाच मिनिटं म्हटलं. असं किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. आई उन्हात त्या खालच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसून होती, आणि मला मनापासून वाटत होतं की आता होईल, आता होईल.
शेवटी एका लॉरीवाल्याने आईला उचलून बाहेर काढलं. टॅक्सी मिळेपर्यंत साडेअकरा वाजले. पोहोचलो तेव्हा ऑपरेशन थिएटर पुसत होते. डॉक्टर सव्वाअकरापर्यंत थांबून गावाला गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने वीस तारीख दिली आणि मान वर करून बघितलंही नाही.
बायको ऑफिसातून तडक आली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने आईला विचारलं जेवलात का.

१० मार्च
दुसऱ्या डॉक्टरांकडे फोन करतोय. दोघे म्हणाले जुने कागद बघितल्याशिवाय इंजेक्शन देणार नाहीत, तिसऱ्यांकडे पंचवीसच्या आधी वेळ नाही. गाडी टो करून मेकॅनिककडे टाकली. त्याला स्पष्ट सांगितलं, लाइनमध्ये कचरा आहे, शोध.

११ मार्च, दुपारी ४
मेकॅनिकचा फोन. लाइन स्वच्छ आहे. पंप स्वच्छ आहे. जेटही, लहान असला तरी, स्वच्छ आहे. टाकीत पेट्रोल नाही.
मी म्हटलं शक्य नाही, चार इंच आहे, त्याच सकाळी मोजलंय. तो म्हणाला साहेब, टाकी ठणठणीत कोरडी आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून रोज कोरडी पडत असणार, तळाला गंज धरायला लागलाय.
दुपारी गॅरेजला गेलो. डिकी उघडीच होती. झाकणाला त्याने पोछ्याची काठी लावली होती. मी स्वतः आत वाकून पट्टी बुडवली, पहिल्यांदाच. कोरडी आली.

११ मार्च, संध्याकाळी ६
ही वही सुरुवातीपासून वाचली. पावणेसहा, साडेचार, सव्वातीन. मग पट्टी वाकलीये. मग चार, चार, चार, चार, चार, चार.
सगळं माझ्याच अक्षरात आहे.

१२ मार्च
काउंटरवर सगळं सांगितलं. तारीख तीच, डॉक्टर वीसलाच येणार. फ्रिजवर कागद परत लावला. पेन्सिलीची रेघ खोडरबराने गेली नाही. आईला त्यापुढे उभं केलं आणि विचारलं काय दिसतं. ती म्हणाली कागद दिसतो. मग म्हणाली मध्ये कुणीतरी बोट फिरवल्यासारखं आहे.

२० मार्च
इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी तपासायला फार वेळ घेतला. मग विचारलं की रेघा वाकड्या कधीपासून दिसतात. मी बुटांकडे बघत होतो. आई म्हणाली महिना झाला असेल, मी ह्याला लगेच सांगितलं होतं, पट्टी वाकडी दिसते म्हणून. ह्याने बिचाऱ्याने त्याच संध्याकाळी नवी आणली.
हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. कौतुकाने सांगितलं. डॉक्टरांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.
सूज उतरेल म्हणाल्या. मधलं जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही. माणूस आला-गेला कळेल, चेहरा कळणार नाही. वाचन नाही.
येताना टॅक्सीत मी आईला विचारलं की आकडा दिसत नव्हता तर चार का म्हणायचीस. ती म्हणाली, तू एवढं जड झाकण डोक्यावर धरून उभा, तुला उशीर होतोय, मी किती वेळ बघत बसणार. दोनच्या खाली म्हटलं तर तुझा चेहरा पडायचा. तेव्हा दिसायचा.

२३ मार्च
गाडी विकली. आईला सांगितलेलं नाही. परवा ती म्हणाली होती की माझ्यापायी गाडी विकू नकोस, मला राहून राहून वाईट वाटेल. घेणारा शनिवारी नेणार आहे. टाकी रिकामी करून द्या म्हणालाय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली बरं. मग आत जाऊन माझाही बसचा पास घेऊन आली. तो तिने जानेवारीतच काढला होता, दर महिन्याला नवा करत होती.

२७ मार्च, सकाळी ९
गॅरेजातून आणलेली गाडी उद्या जाणार. खाली उतरलो, निरोप म्हणून एकदा डिकी उघडली, काठी लावली. बघतो तर आई जिन्याच्या कठड्याला धरून पायऱ्या मोजत खाली येत होती. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी. पट्टीसाठी हात पुढे केला.
मी काठी काढून टाकली आणि झाकण डोक्यावर घेतलं. तिने हाताने चाचपून टाकीचं तोंड शोधलं, पट्टी बुडवली, वर काढली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाली, आता तूच सांग, किती?
पट्टी कोरडी होती.
मी म्हटलं चार.
ती म्हणाली, मग आजचा दिवस निघेल. पट्टी पदराला पुसून माझ्या खिशात ठेवली. तिला वर सोडून आलो आणि आठची बस पकडली. बसायला जागा नव्हती.