डॉक्टर आणि आमची शिडी

६ जानेवारी, मंगळवार

शिडीने आज सांगून टाकलं. जेवता जेवता, मीठ मागावं तसं — "मला एकाशी लग्न करायचंय. रविवारी घरी येतोय." आम्ही काही विचारायच्या आत पुढचं वाक्य — "तो बुटका आहे. म्हणजे बराच. जन्मापासून."

ह्यांचा घास हातातच राहिला.

आमची मुलगी दारातून वाकून आत येते. शाळेत व्हॉलीबॉल शिकवते, म्हणून घरात तिचं नाव शिडी. तो जनावरांचा डॉक्टर. रस्त्यावरचं जखमी कुत्रं घेऊन ही त्याच्या दवाखान्यात गेली होती. कुत्रं बरं झालं, ही मात्र जातच राहिली.

११ जानेवारी, रविवार

बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं आणि समोर बघून म्हणाले, "कोणी नाहीये." खालून आवाज आला, "आहे काका. जरा खाली बघा."

मी स्वयंपाकघरात होते, मला हसू आलं. ह्यांना नाही आलं.

उंची माझ्या कोपराइतकी. डोकं मोठं, हात आखूड, इस्त्रीचा शर्ट. माझा शिवणकामाचा धंदा, नजर आधी कापडावरच जाते — खांद्यात चोख बसलेला होता, कुणीतरी जीव लावून शिवलेला. सोफ्यावर बसला तेव्हा पाय लोंबकळत राहिले. मी कुठे बघावं ते मला कळेना. तो सरळ म्हणाला, "काकू, एखादं स्टूल मिळेल का पायाखाली? अधांतरी राहिले की कंबर धरते." संपलं. स्टूल आलं, पाय टेकले, गप्पा सुरू. स्वतःला काय लागतं ते इतक्या सहज मागणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

हे मात्र "हो", "नाही", "असं का" यापुढे गेले नाहीत.

१२ जानेवारी

हे म्हणतात, "तो माणूस चांगला असेल, पण आपल्या घरात नको." शेजारीणबाईंना कशी कुणास ठाऊक, बातमी लागलीच. "गुण काय कपाळावर लिहिलेले असतात? जोडा शोभायला हवा." मी त्यांचा ब्लाऊज परत दिला आणि दार लावून घेतलं.

१७ जानेवारी, शनिवार

आज कुणाला न सांगता त्याच्या दवाखान्यात गेले. बाकावर बसून राहिले, मांजर-कुत्र्यांच्या गर्दीत.

एक आडदांड गृहस्थ म्हातारं कुत्रं उचलून आत आले. वासराएवढं कुत्रं, धाप लागलेली. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरकडे बघून विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?"

तो म्हणाला, "डॉक्टर आलेत. तुमचा विश्वास यायचा बाकी आहे. तोवर तपासतो."

तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो लाकडी चौथऱ्यावर चढला. बराच वेळ कान लावून ऐकत होता. मग खाली उतरला आणि काही लपवलं नाही — "हे आता बरं होणार नाही. त्याला त्रास होतोय. तुम्ही जवळ बसा, मी पण बसतो." तो गडी फरशीवर बसला, कुत्र्याचं डोकं मांडीवर. डॉक्टर शेजारी बसला. शेवटची सुई दिली. बाहेर एवढी माणसं ताटकळत होती, पण हा उठला नाही. शेवटी त्या धिप्पाड माणसाने ह्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला.

मला बघून डॉक्टर ओशाळला नाही, की कशाला आलात असंही विचारलं नाही. मीच विचारलं, "असं कुणी बोललं की राग येत नाही?"

"येतो ना. पण रोज सगळ्यांवर रागवायचं म्हटलं तर दवाखाना कधी उघडू, काकू?"

घरी येताना वाटलं, आपल्या पोरीला माणूस ओळखता येतो. हे तिला कुणी शिकवलं? आम्ही तर नाही.

२० जानेवारी

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पेपर उलटा धरून. मग म्हणाले, "मला त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाहीच आहे. रस्त्यातून दोघं चालायला लागली की लोक थांबून बघतील. आयुष्यभर. ते पोरीला सोसवेल का?"

शिडी दारात उभी होती. "बाबा, माझ्याकडे बघतातच की. आता निदान सोबत असेल."

२५ जानेवारी, रविवार

काय म्हणावं! नकार तिकडूनच आला. त्याच्या आईचा. शिडीला भेटायला बोलावलं, प्रेमाने खाऊ घातलं आणि निघताना म्हणाल्या, "बाळ, तू गुणी आहेस. पण एवढी उंच मुलगी माझ्या लेकाशेजारी नको. लोक त्याला आणखी हसतील."

शिडी हसत हसत सांगत होती आणि डोळे पुसत होती. हे ताडकन उठले. "माझ्या मुलीत काय खोट काढली त्यांनी? उंची? उंचीवरून माणूस नाकारतात?"

हे आमच्याकडे बघत उभे राहिले, मग चष्मा शोधायला आत गेले. चष्मा नाकावरच होता.

२७ जानेवारी

हे एकटेच त्या बाईंकडे जाऊन आले. भांडायला गेले होते. आल्यावर सांगत होते —

"त्यांनी त्याच्या लहानपणचं सांगितलं. बाजारात न्यायच्या तेव्हा लोक बोट दाखवायचे, म्हणून पदराखाली झाकून न्यायच्या. एक दिवस तोच म्हणाला, 'आई, मला दिसत नाहीये, पदर काढ.' मी म्हटलं, बाई, मीसुद्धा पदरच धरून बसलोय पोरीवर. मग त्यांनीच विचारलं, 'तारीख कधीची धरायची?'"

लेकाचे शर्ट त्या स्वतःच शिवतात म्हणे. वाटलंच होतं मला.

५ मार्च, गुरुवार

नोंदणी झाली. साक्षीदारांच्या सह्यांना सगळ्यांत आधी उठले ते हे आणि त्याची आई. बाहेर आल्यावर फोटोवाल्याने ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नवरदेवाला खुर्चीवर उभं करू का?"

हे म्हणाले, "जावई आहेत तिथेच ठीक आहेत. तुम्ही कॅमेरा खाली घ्या."