ट्रेमधलं पांढरं पाणी

गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी विठ्ठलवाडीच्या रत्नं घासायच्या कारखान्यात ओपलचा दगड देव्हाऱ्यापुढे ठेवला, नमस्कार केला आणि चाकावर घासायला बसलो. तपकिरी खडकावर निळ्या-हिरव्या रंगाचा नुसता पापुद्रा असतो. घडीघडी हात थांबवून बघायचं, हे कारखान्याच्या मालकीण शीलाताईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मी थांबलो नाही. अजून जरा चमकू दे, म्हणून घासत राहिलो. चाकाखालच्या ट्रेमधलं पाणी पांढरं झालं, म्हणजे ओपलच झिजत होतं. मग ते तपकिरी झालं. रंग संपला.

ताईंना म्हणालो, "यात रंग नव्हताच."

"तुम्ही माळकरी माणूस, खोटं कशाला बोलाल?" म्हणत त्यांनी माझ्यासमोरच दगड पाठवणाऱ्या ठाण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "काय हो शेठ, बिनरंगाचे दगड आमच्या माथी मारता होय?"

मी माळ शर्टाच्या आत सारली. का सारली?

तीन दिवस जपाला बसलो की डोळ्यांपुढे ते पांढरं पाणी.

आज दुपारी बोललो. "ताई, दगड चांगला होता. मीच घासून संपवला."

त्यांनी शेठचा नंबर लावला. मग फोन पुढे केला. "मला काय सांगता? शेठना सांगा."

सांगितलं.